देणगी दिली म्हणजे विद्यापीठ विकत घेतलं का?

अमेरिकेत एखाद्या विद्यापीठाने खेळाच्या संघाचं जुनं नाव किंवा शुभंकर बंद केला की माजी विद्यार्थ्यांचा एक गट लगेच हात आखडता घेतो. 'आमची ओळख पुसलीत, आता आमच्याकडून छदामही मिळणार नाही.' असं काही वाचलं की मला नॉर्थ डकोटा विद्यापीठ आठवतं, आणि संताप येतो.

तिथल्या संघाचं नाव तेव्हा 'फायटिंग स्यू' होतं. स्यू हे त्याच प्रदेशातले मूळ रहिवासी. नाव १९३० पासूनचं, लोगोवर पिसं खोवलेल्या योद्ध्याचा चेहरा. लास व्हेगासचे कॅसिनोमालक राल्फ एंगलस्टॅड विद्यार्थी असताना तिथे आइस हॉकीचे गोलरक्षक होते. १९९८ मध्ये त्यांनी १० कोटी डॉलरची देणगी जाहीर केली आणि हॉकीच्या स्टेडियमचं काम सुरू झालं. हे नाव मूळ रहिवाशांचा अपमान करतं, या आक्षेपावरून ते बदलायची चर्चा तापली, तसं डिसेंबर २००० मध्ये त्यांनी कुलगुरू चार्ल्स कपचेला यांना पत्र लिहिलं : नाव राहणार नसेल तर काम अर्धवट टाकून निघून जाईन, तिथली हीटिंग बंद करेन, बाकीचं थंडी बघून घेईल. डकोटातला डिसेंबर आहे हो! स्वतः उभारलेली इमारत बर्फाने फुटली तरी चालेल, पण हट्ट सुटायला नको. राज्याच्या उच्च शिक्षण मंडळाने लगेच नाव कायम ठेवायचा ठराव केला. कुलगुरूंच्या हातात काही उरलंच नाही.

२००१ मध्ये स्टेडियम उघडलं तेव्हा तो चेहरा फरशीत, खुर्च्यांच्या कडांवर, हजारो ठिकाणी बसवलेला होता. उद्या कुणी काढायचा म्हटला तरी सहजी निघू नये, अशी तजवीज.

बाकीच्या माजी विद्यार्थ्यांची माया मी खोटी मानत नाही. ज्या नावाचा जयघोष करत तरुणपण गेलं, ते जाताना पोटात तुटणारच. शिवाय स्पिरिट लेक या स्यू जमातीच्या लोकांनी २००९ मध्ये नावाच्या बाजूने मतदान केलं होतं. स्टँडिंग रॉक या दुसऱ्या स्यू जमातीच्या कौन्सिलने मात्र संमती दिली नाही. ज्यांचं नाव आहे त्यांच्यातच दोन मतं असतील, तर तो त्यांचा प्रश्न, त्यांनी सोडवावा. त्यात चेकबुक कशाला मध्ये घालायचं?

आपल्याकडे शाळेतल्या पंख्याच्या पात्यावरही 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' असतं. असू दे की. पण त्या पंख्याखाली काय शिकवायचं हे पंखा देणाऱ्याने सांगायचं नसतं.

अखेर २०१२ मध्ये राज्यातल्या मतदारांनीच मोठ्या बहुमताने नाव सोडायला संमती दिली. २०१५ मध्ये 'फायटिंग हॉक्स' हे नवं नाव आलं आणि २०१६ मध्ये त्याच हॉकी संघाने राष्ट्रीय विजेतेपद पटकावलं.

माझं मत स्पष्ट आहे. विद्यापीठांनी देणगी घेतानाच लिहून घ्यावं, की संघाचं नाव, चिन्ह, शुभंकर यावर देणगीदाराचा काडीचाही हक्क राहणार नाही. ज्यांना हे मान्य नसेल, त्यांचे पैसे नम्रपणे नाकारावेत, मग ते १० कोटी डॉलर का असेनात.