जॉर्जियानाला दृष्ट लागली

आमच्या घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर चार दिवस एकच विषय चाललाय. भाचीच्या गालावर जन्मखूण आहे, तिच्यासाठी स्थळं बघायला सुरुवात केलीय, तर ती लेझरने काढून टाकायची का. काहीजण म्हणतात सायन्स आहे तर वापरा की, काहीजण म्हणतात तिची चॉइस, आपण कोण बोलणार.

मी बॉस्टनजवळ राहते, मला लगेच अमेरिकन लेखक नॅथॅनिएल हॉथॉर्नची 'द बर्थमार्क' (म्हणजे जन्मखूणच) ही कथा आठवली. १८४३ ची गोष्ट, तेव्हा तो इथेच कॉन्कॉर्डला नवीन संसार मांडून राहत होता. (त्याच वर्षी त्याच्या बायकोने, सोफियाने, त्या घराच्या खिडकीच्या काचेवर हिऱ्याने कोरलंय की माणसाला जे अपघात वाटतात ते देवाचे हेतू असतात.) गोष्टीतला आयल्मर शास्त्रज्ञ, बायको जॉर्जियाना, तिच्या डाव्या गालावर चिमुकल्या हातासारखी लाल खूण. लग्नाआधी लोक म्हणायचे परीने हात ठेवलाय, तिलाही ती छान वाटायची. मग नवरा रोज त्या खुणेकडे बघून शहारायला लागतो आणि हळूहळू तिलाच ती नकोशी होते. शेवटी ती त्याने बनवलेलं औषध पिते, खूण जाते आणि तीही जाते.

इथे २००२ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या बायोएथिक्स कौन्सिलने (जीवविज्ञान आणि वैद्यकातल्या नैतिक प्रश्नांवर सल्ला देणारी समिती) पहिल्याच बैठकीत ही गोष्ट चर्चेला घेतली होती. विज्ञानाने कुठे थांबावं हा प्रश्न त्यात आहेच, पण मला तेवढं पुरत नाही. जॉर्जियानाने आयल्मरची वही वाचलेली असते, त्याचे बहुतेक प्रयोग फसलेत हे तिला माहीत असतं, तरी ती आपणहून पिते. म्हणजे चॉइस तिचीच, आणि ती तिच्या मनात आली कुठून तर नवऱ्याच्या नजरेतून. अमेरिकेत तोंडावर कुणी बोलत नाही, पण परफेक्ट चेहऱ्याची ओढ इथेही आहेच, मी रोज बघते.

आपल्याकडे तर बाळ देखणं दिसायला लागलं की आजी मुद्दाम गालावर काजळाची तीट लावते, दृष्ट लागू नये म्हणून! डाग राखण करतो हे आपल्याला पाळण्यातच माहीत असतं.

काल भाचीशी बोलले. म्हणाली, "आत्या, कॉलेजात कधी लक्षातही आलं नाही गं, बायोडेटाचे फोटो काढल्यापासून सारखी आरशात बघतेय."

दादा-वहिनी, तो डाग पुसून एडिट केलेला फोटो आधी बायोडेटातून काढा, थोडे महिने जाऊ द्या, मग तिला विचारा.