'फरक आढळला नाही' म्हणजे 'फरक नाही' नव्हे: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

प्रतिक्रिया चिडून लिहिलीत, पण मुद्दे नेमके आहेत, म्हणून सविस्तर लिहितो. हार्ट अटॅकमध्ये रक्ताची गुठळी विरघळवणाऱ्या स्ट्रेप्टोकायनेजवरच्या छोट्या चाचण्यांची 'पॉवर कमी होती', म्हणजे खरा फरक असला तरी तो पकडण्याची त्यांची क्षमता कमी होती, असं मी लेखात लिहिलं. ती तुम्हाला पळवाट वाटते. नमुना फुगवला, म्हणजे रुग्णसंख्या वाढवली, की काहीही सिग्निफिकंट (निव्वळ योगायोग न वाटण्याइतकं) ठरतं, मोठ्या चाचणीचे आकडे वयोगटांत फोडून दाखवा, आणि पी व्हॅल्यूचा अर्थच मी चुकवला, असंही तुम्ही म्हणता.

शेवटचा मुद्दा आधी, कारण तिथे तुमचंच बरोबर आहे. 'पी ०.०५ म्हणजे निष्कर्ष चुकीचा असण्याची शक्यता ५ टक्के' हे माझं वाक्य साफ चूक होतं. औषधाचा काहीच परिणाम नसेल, तरी निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता ५ टक्के, एवढाच त्याचा अर्थ. लेखात दुरुस्ती केली आहे.

पळवाटीचं मात्र मान्य नाही. हिशेबच करू. तुम्ही म्हणता ती मोठी चाचणी म्हणजे १९८८ साली प्रसिद्ध झालेली आयसिस-२; तीत हार्ट अटॅकचे १७,१८७ रुग्ण होते. पाच आठवड्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या कारणांनी झालेले मृत्यू स्ट्रेप्टोकायनेज न मिळालेल्यांत १२ टक्के, मिळालेल्यांत ९.२ टक्के. आता हाच फरक दोनशे-दोनशे रुग्णांत शोधा. एकीकडे साधारण २४ मृत्यू, दुसरीकडे १८. सहाचा फरक! एवढा तर नशिबानेही पडतो, पी ०.३ च्या आसपास येते. अशा चाचणीची पॉवर जेमतेम १५ टक्के. म्हणजे औषध खरोखर गुणकारी असूनही दहांतल्या आठ-नऊ चाचण्या 'फरक आढळला नाही' असंच सांगणार. ८० टक्के पॉवर हवी तर दर गटात सुमारे १,९०० रुग्ण लागतात. तुम्ही बाजूच्या आणि विरोधातल्या चाचण्या मोजल्यात, पण ही काही ग्रामपंचायतीची निवडणूक नव्हे. १९९२ साली संशोधकांनी जुन्या चाचण्यांचे आकडे क्रमाने एकत्र केले, तेव्हा दिसलं की १९७३ पर्यंतच्या आठ चाचण्या आणि २,४३२ रुग्ण मिळूनच फायदा सिद्ध होत होता. त्यानंतरच्या पंचवीस चाचण्यांत ३४,५४२ रुग्ण घेतले गेले. दुसऱ्या प्रकारची चूक, म्हणजे असलेला परिणाम न दिसणं, ही अशी महागात पडते.

नमुना फुगवण्याबद्दल: खरं आहे, प्रचंड नमुन्यात क्षुल्लक फरकही सिग्निफिकंट येतो. म्हणून फरक केवढा, हे आधी बघायचं. इथे तो शंभर रुग्णांमागे जवळजवळ तीन जीवांचा आहे.

राहिले वयोगट. आयसिस-२ मध्ये ॲस्पिरिनचीही परीक्षा होती आणि तिचा फायदा एकूण रुग्णांत स्पष्ट होता. संशोधकांनी मुद्दाम राशींनुसार तुकडे पाडून दाखवले, तर मिथुन आणि तूळवाल्यांना ॲस्पिरिन किंचित अपायकारक! (पत्रिकेतली चंद्ररास नव्हे, जन्मतारखेवरून काढतात ती पाश्चात्त्य रास.) तुकडे पाडले की प्रत्येक तुकड्यात पॉवर घटते, आणि तुकडे बरेच असल्यामुळे एखादा खोटा फरकही हाती लागतो. असलेला फरक न दिसणं आणि नसलेला दिसणं, दोन्ही चुका एकदमच.

तरीही वयोगटांचा तक्ता हवा असेल तर पुढच्या लेखात देतो. फक्त टक्केवारीशेजारी दर गटातल्या मृत्यूंची संख्याही लिहीन, आणि आधी ती वाचा.