‘थई जशे’वर श्रद्धा ठेवा

चिरंजीवांना ऑस्ट्रेलियाचा विद्यार्थी व्हिसा कसा मिळवून द्यावा, हे सांगणारे बडोद्यात गल्लोगल्ली भेटतात. मिळालेला व्हिसा रीतसर रद्द कसा करून घ्यावा, हे मात्र कोणी धड समजावून सांगत नाही. दांडिया बाजार आणि रावपुऱ्यातील पालकांची ही गैरसोय दूर व्हावी, एवढ्याच हेतूने हा खटाटोप.

आरंभ अर्थातच सल्लागाराच्या निवडीपासून करावा. सेव-उसळीत तर्री कमी पडली तर भर रस्त्यात जाब विचारणारे आपण, घर गहाण टाकून व्यवहार करताना मात्र तोंडाला कुलूप लावावे, हे उत्तम. अलकापुरीतील ऑफिसची काच किती उंच आहे आणि भिंतीवर पासपोर्ट उंचावून हसणाऱ्या मुलांची छायाचित्रे किती आहेत, एवढेच निरखावे. नोंदणी क्रमांक चुकूनही विचारू नये. ऑस्ट्रेलियात वकील नसलेल्या आणि नोंदणीही नसलेल्या माणसाने मोबदला घेऊन इमिग्रेशनचे साहाय्य केले, तर त्याला १० वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तेथील नोंदणीकृत एजंटाला सात अंकी क्रमांक असतो आणि तो खरा की खोटा हे सरकारी यादीत कोणालाही फुकट पाहता येते. परदेशात बसलेल्या एजंटावर मात्र या नोंदणीची सक्ती नाही. तेव्हा आपल्या माणसाकडे क्रमांक नसला, तर त्याचा कायदेभंग झाला असे मुळीच नाही. फक्त त्याच्याविरुद्ध दाद मागायला तेथील नियामकाचे दार आपल्यासाठी उघडे नाही, इतकेच.

कागद चाळून ‘प्रकरण कमकुवत आहे’ असे तोंडावर सांगणारा एखादा नोंदणीकृत सल्लागार भेटलाच, तर त्याची पायरी पुन्हा चढू नये. आपण फी सल्ल्याची देत नसतो, ‘थई जशे’ या दोन शब्दांची देत असतो. (घरी आपण कितीही शुद्ध मराठी बोलत असलो, तरी हा मंत्र गुजरातीतच ऐकावा. मराठीत ‘होऊन जाईल’ म्हटले, की त्यात थोडी शंका डोकावते.)

अर्ज स्वतः भरण्याच्या फंदात पडू नये. सही करावी आणि चहा घ्यावा. ऑस्ट्रेलियाच्या १९५८ च्या मायग्रेशन कायद्यानुसार दुसऱ्याने आपल्या वतीने भरलेला अर्ज आपणच भरला असे मानले जाते, आणि उत्तर चुकीचे आहे हे आपल्याला ठाऊक नव्हते, म्हणून ते बरोबर ठरत नाही. म्हणजे श्रम एजंटाचे आणि श्रेय संपूर्ण आपले. इतका उदार कायदा शोधून सापडणार नाही. बँकेत पंधरा दिवसांपुरती आणून ठेवलेली रक्कम आणि तिचा मागचा इतिहास सांगणारे बनावट पत्र एजंटच आणून देईल. बनावट कागद पकडला गेला, तर ४०२० क्रमांकाच्या निकषाखाली अर्ज नाकारला जातो आणि पुढची ३ वर्षे बहुतेक व्हिशांची दारे बंद होतात. ओळखीबाबतच लबाडी असेल, तर १० वर्षे.

आता सर्वांत महत्त्वाचे, ई-मेलचा पत्ता. तो एजंटाचाच द्यावा. अधिकृत पत्रग्राही म्हणून एकदा त्याचे नाव लागले, की त्याला गेलेले पत्र आपल्याला मिळाले असेच कायदा धरतो, आणि ई-मेलने आलेले पत्र तर पाठवल्याच्या दिवसअखेर पोहोचले असे समजले जाते, मग ते कोणी उघडो वा न उघडो. चिरंजीव तिकडे सत्र सुरू असताना पंधरवड्याला ४८ तासांची मर्यादा ओलांडून काम करू लागले, किंवा एजंटाच्याच सांगण्यावरून विद्यापीठ सोडून घरी बसले, की रद्द करण्याचा विचार असल्याची नोटीस येते. तिच्यात बाजू मांडण्याची संधी असते. ती संधी एजंटाच्या इनबॉक्समध्ये, नवरात्रातील गरब्याच्या पासांच्या जाहिरातींखाली, सुखाने पडून राहते.

त्यानंतर व्हिसा रद्द होतो. १४ ऑक्टोबर २०२४ पासून अशा प्रकरणांचे पुनरावलोकन अॅडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रायब्युनल करते. अर्जदार स्थानबद्ध नसेल, तर बहुतेक प्रकरणांत २८ दिवसांची मुदत असते, आणि ती वाढवून देण्याचा अधिकार खुद्द ट्रायब्युनललाही नाही. शिवाय फी साडेतीन हजार डॉलरांच्या आसपास. म्हणून पहिले २५ दिवस ‘वरपर्यंत ओळख आहे’ हे ऐकण्यात घालवावेत आणि उरलेले तीन पैसे जमवण्यात.

व्हिसा इथे बडोद्यात असतानाच नाकारला गेला असेल, तर गोष्ट आणखी सोपी. परदेशातून अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्याला नकाराविरुद्ध असे पुनरावलोकन सहसा मिळतच नाही. नवा अर्ज करावा लागतो. तरीही एजंट ‘अपील’ची फी मागेल. ती आनंदाने द्यावी, कारण नसलेली वस्तू विकत घेण्याचा योग वारंवार येत नाही. अहमदाबादेत खाडियातील ‘देसाईनी पोळ’ या जुन्या गल्लीत व्हिशासाठी नवस बोलण्याचे एक मारुतीमंदिर आहे. तो मारुती निदान कोणाचा पासपोर्ट ठेवून घेत नाही. पण त्याच्याकडे काचेचे ऑफिस नाही, तेव्हा तुलना नको.

धाकट्याची फाइलही याच ऑफिसात द्यावी. एका घरातील दुसऱ्या मुलाला सवलत आहे, असे त्यांनी स्वतःहून सांगितले आहे, आणि थोरल्याचे काय झाले ते त्यांना अजून ठाऊक नाही. ई-मेल उघडायचा राहिला आहे.