नवऱ्याचा मार म्हणजे क्रूस नव्हे

क्रूस उचलण्यावरच्या एका लेखात म्हटलंय की घरात जे काही सोसावं लागतं ते आपला क्रूस समजून मुकाट्याने देवाच्या स्वाधीन करावं, हे मला अजिबात पटलं नाही. आमच्या इकडे नाशिकरोडला चर्चच्या मंडळीतल्या एका ताईंना नवऱ्याने मारल्यावर वडीलधाऱ्यांनी हेच ऐकवलं होतं आणि त्या बिचाऱ्या कितीतरी वर्षं तेच धरून बसल्या, प्रार्थनेला सगळ्यात आधी यायच्या पण कोणाशी डोळ्याला डोळा देऊन बोलायच्या नाहीत. बायबलमधलं लूक 9:23 नीट वाचा, ज्याला येशूच्या मागे यायचंय त्याने स्वतःला नाकारावं आणि आपला क्रूस उचलावा असं आहे, म्हणजे माणूस स्वतःच्या मर्जीने निघतो आणि चालतो ते येशूच्या मागे. नवऱ्याची दारू निभावून नेणं त्यात कुठे आलं?

आणि अटकेनंतर महायाजकाचा सासरा हन्ना याच्यासमोर शिपायाने येशूला चपराक मारली तेव्हा तो गप्प बसला का? योहान 18:23 बघा, त्याने सरळ विचारलं की मला का मारतोस. अटकेआधी गेथशेमाने बागेत प्रार्थना करताना तो तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे म्हणतो खरं, पण पित्याला म्हणतो, मारणाऱ्याला नाही. ईस्टरआधीच्या उपवासकाळात स्वनाकारावर उपदेश करायचाच असेल तर पाळकांनी आधी त्या नवऱ्याला समोर बसवून करावा, बाटली आणि हात उगारणं त्याने सोडायचंय.