टॉवर स्पीकरचे 'सहा सुवर्णनियम': त्यातलं खरं किती?

दिवाळीची खरेदी जवळ आली की इंदूरच्या आमच्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो: 'टॉवर स्पीकर घेताना हे सहा सुवर्णनियम लक्षात ठेवा.' कॉलनीचा ग्रुप, भिशीचा ग्रुप, गणपती मंडळाचा ग्रुप, सगळीकडे तोच. टॉवर म्हणजे जमिनीवर उभे राहणारे तीन-साडेतीन फुटी स्पीकर. मेसेज मोठ्या अधिकाराने लिहिलाय, आणि त्यातलं बहुतेक चुकीचं आहे. त्याच्या भरवशावर सुदामा नगरातल्या आमच्या काकांनी निवृत्तीच्या पैशातून एक जोडी आणली आणि दोन महिन्यांत गाणं ऐकणंच सोडून दिलं. म्हणून एकेक नियम घेऊन उत्तर देतोय.

'स्पीकर जितका उंच, वूफर जितके जास्त, तितका आवाज भरदार.'

वूफर म्हणजे स्पीकरमधला खालचे, जाड आवाज काढणारा मोठा पडदा. मोठ्या खोक्याचा फायदा आहे, ते आधी मान्य करतो. लहान खोकं, खोल खर्ज आणि थोड्या पॉवरमध्ये मोठा आवाज, या तीन गोष्टी एकत्र मिळत नाहीत. एक सोडावीच लागते. टॉवर आटोपशीरपणा सोडतो, म्हणून बाकीच्या दोन त्याला जमतात. पण तो खर्ज तुमच्या खोलीत येऊन काय करतो, यावर मेसेजमध्ये अवाक्षर नाही.

समोरासमोरच्या दोन भिंती एक ठरावीक स्वर फुगवतात. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण 343 मीटर. त्याला भिंतींमधल्या अंतराच्या दुपटीने भागलं की तो स्वर निघतो. काकांची खोली 10 बाय 12 फूट, छतही 10 फुटांवर. स्पीकर एका लांब भिंतीशी, समोरच्या भिंतीला टेकून दिवाण. मधलं अंतर 10 फूट म्हणजे 3.05 मीटर, म्हणजे 56 हर्ट्झ (सेकंदाला 56 कंपनं). जमीन आणि छत यांच्यातही तेच 10 फूट, म्हणजे पुन्हा तेच 56. एकच स्वर दोन बाजूंनी फुगणार, आणि भिंतीला पाठ लावून बसलेल्या माणसाला तो सगळ्यात जास्त ऐकू येणार, खोलीच्या मधोमध मात्र जवळजवळ नाहीच.

मी गेलो तेव्हा काकांनी अमीर खाँसाहेबांचं विलंबित लावलं होतं. इंदूरच्या घरात नवे स्पीकर आले की पहिलं तेच लागतं. झुमऱ्याचा ठेका चालू होता. डग्ग्यावर थाप पडली की शोकेसमधल्या कपबशा किणकिणत होत्या, आणि घुमारा इतका रेंगाळत होता की खाँसाहेबांचे मंद्रातले स्वर त्याच्याखाली बुडून जात होते. मी फोनवरून स्पीकरला नुसता 56 हर्ट्झचा सूर दिला आणि काकांना म्हटलं, उठून जरा खोलीच्या मधोमध उभे राहा. ते उठून मध्ये आले आणि म्हणाले, "अरे, बंद का केलास?" बंद केला नव्हता. परत दिवाणावर बसले, तर कानाशी भुंगा! दोन वूफर जास्त घेतले असते, तर हाच भुंगा आणखी मोठा झाला असता.

आता आपल्याला उतरायचंय किती खोल, तेही पाहा. काळी एकमध्ये गाणाऱ्याचा षड्ज साधारण 139 हर्ट्झवर असतो. तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे 69 च्या आसपास. 55-60 पर्यंत स्वच्छ उतरणारा साधा बुकशेल्फ स्पीकरही (स्टँडवर ठेवायचा लहान स्पीकर) हे नीट देतो. त्याच्या खूप खाली पियानोचं अगदी डावं टोक असतं (27.5 हर्ट्झ), आणि सिनेमातले स्फोट. हॉल 18-20 फुटी असेल, बसायची जागा 11-12 फुटांवर असेल, तर टॉवर जरूर घ्या. तिथे त्याचं चीज होतं. 'बुकशेल्फने जागा वाचते' हेही तितकंसं खरं नाही. त्याला स्टँड लागतो, आणि स्टँड जमिनीवर टॉवरइतकीच जागा अडवतो.

उंची पाहून आपण फसतो हे तपासून पाहिलेलं आहे. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी 1994 मध्ये तेच स्पीकर, त्याच लोकांना, एकदा दिसतील असे आणि एकदा पडद्याआड ठेवून ऐकवले. पडद्याआड चांगले गुण मिळवणारी लहान, स्वस्त सिस्टीम डोळ्यांसमोर आली, तेव्हा तिचे गुण घसरले.

'वॅट जास्त तितका स्पीकर दणदणीत.'

स्पीकरवर छापलेले वॅट म्हणजे तो किती सोसू शकतो, किती देतो ते नव्हे. पाहायचा आकडा संवेदनशीलतेचा: 2.83 व्होल्ट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल. 86 डेसिबलवाल्याला जेवढी पॉवर लागते, त्याच्या निम्मीत 89 वाला तेवढाच आवाज देतो. 100 वॅटचे 200 केलेत तर फक्त 3 डेसिबल वाढतात. कानाला आवाज दुप्पट वाटायचा तर साधारण दहापट पॉवर लागते. या आकड्यात एक मेखही आहे. ओहम म्हणजे स्पीकर विजेला करतो त्या रोधाचं माप. 2.83 व्होल्ट म्हणजे 8 ओहमच्या स्पीकरला 1 वॅट, पण 4 ओहमच्या स्पीकरला 2. त्यामुळे 4 ओहमवाला कागदावर 3 डेसिबलने उगाच वरचढ दिसतो, आणि अॅम्प्लिफायरकडून करंट मात्र दुप्पट ओढतो.

'अॅम्प्लिफायर स्पीकरपेक्षा कमी वॅटचा ठेवा, म्हणजे स्पीकर जळत नाही.'

या एका नियमाने सगळ्यात जास्त नुकसान होतं. 50 वॅटचा अॅम्प्लिफायर वाढदिवसाला पूर्ण पिळला की लहरींचे शेंडे कापले जातात. पार चौकोनी झालेली लहर त्याच्यातून 100 वॅटपर्यंत पॉवर काढू शकते. शेंडे कापलेले, मधला आवाज मात्र चढतच राहतो, आणि त्यातला वरच्या पट्टीचा भाग ट्वीटरवर, म्हणजे बारीक आवाज काढणाऱ्या छोट्या पडद्यावर, जातो. ट्वीटरची कॉइल केसासारख्या बारीक तारेची. लोक म्हणतात, 'अॅम्प तर छोटाच होता, तरी ट्वीटर गेला.' छोटा होता आणि पिळला, म्हणूनच गेला. अॅम्प थोडा मोठा असू द्या. आवाज फाटायला लागला की नॉब मागे घ्या.

'खोक्यावर 20 ते 20,000 हर्ट्झ लिहिलेलाच घ्या.'

पुढे 'अधिक-उणे 3 डेसिबल' (म्हणजे त्या पट्ट्यात आवाज तेवढाच वर-खाली होतो) लिहिलेलं नसेल, तर त्या आकड्याला अर्थ नाही. 20 हर्ट्झवर आवाज दहा-पंधरा डेसिबल खाली गेला असला, तरी छापणारा 20 छापू शकतो. शक्य असेल तर स्पीकरला चहूबाजूंनी मोजून काढलेले आलेख शोधा. दर 10 अंशांवर, आडव्या आणि उभ्या वर्तुळात, अशी 70 मोजमापं घ्यायची ठरलेली पद्धत आहे. आलेखात समोरच्या आवाजाची रेघ सपाट आणि बाजूच्या आवाजाची रेघ सावकाश उतरणारी असेल, तो स्पीकर बहुतेक खोल्यांत सुखाने वाजतो.

'भिंतीपासून एक फूट, खाली खिळे, आणि वायर महागातलीच.'

टॉवर फूटभर खोल असतो. मागे फूटभर जागा सोडली की वूफर भिंतीपासून दोन फुटांवर येतो. मागच्या भिंतीवरून परतणारी लहर चार फूट जास्त चालून येते, आणि साधारण 140 हर्ट्झला उलटी पडून मूळ आवाज खाते. म्हणजे काळी एकचा षड्जच! एक फुटाचा असा काही नियम नाही. चार-चार इंच सरकवून ऐकावं लागतं. काकांकडे आम्ही दिवाण भिंतीपासून दोन फूट पुढे ओढला, स्पीकरच्या मागच्या भोकांत जुन्या मोज्यांचे बोळे कोंबले, आणि निम्मा घुमारा तिथल्या तिथे उतरला.

स्पीकरच्या तळाला लावायचे टोकदार खिळे व्हिट्रिफाइड टाइल्सवर फक्त ओरखडे पाडतात, रबरी पाय पुरे. वायर अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची घ्या, महाराणी रोडवर कुठेही मिळते. पाच मीटर जाऊन-येऊन तिचा रोध 0.07 ओहम होतो, 8 ओहमपुढे एक टक्कादेखील नाही.

'पहिले 200 तास वाजवा, मग आवाज खुलतो.'

वूफरच्या कडेचं रबर आणि आतला पडदा थोडे सैल होतात, पण ते सुरुवातीच्या काही तासांतच, आणि फरकही लहानसा असतो. 200 तासांत सवय होते ती आपल्या कानांना. काकांनाही दुकानदाराने हेच सांगितलं होतं: "महिनाभर चालू द्या, मग बोलू." महिना झाला आणि बदलून देण्याची मुदत संपली. पैसे देण्याआधी ती मुदत बिलावर लिहून घ्या, आणि पहिल्याच आठवड्यात आपल्या खोलीत, रोजच्या जागी बसून, पाठ असलेलं एखादं गाणं शेवटपर्यंत ऐका.