राज्यमासा, दोनशे रुपये वाटा

मागच्या महिन्यात, पावसाळी मासेमारी बंदी उठून पंधरा दिवस झाले असतील, मार्केटात नेहमीच्या मावशींच्या पाटीत पापलेटचा वाटा दिसला, आठ नग दोनशे रुपये. पापलेट आणि दोनशे? जवळ जाऊन बघतो तर तळहातावर दोन मावतील एवढी पिल्लं. तरी घेतली, हो घेतली, कबूल करतो. घरी लेकीच्या कंपासपेटीतली पट्टी लावली, सगळ्यात मोठं साडेनऊ सेंटीमीटर.

आता गंमत बघा, २०२३ मध्ये सरकारने पापलेटला राज्यमासा केलं आणि त्याच वर्षी ५४ जातींसाठी कमीत कमी साइज ठरवून दिली. पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८०, सुरमई ३७०. म्हणजे माझ्या तव्यावरचा राज्यमासा कायद्याने अजून समुद्रात पोहत असायला हवा होता. १ जून ते ३१ जुलै बोटी बंद कशासाठी, तर मासळीला अंडी घालू द्यावी, पिल्लं वाढू द्यावी म्हणून, आणि ऑगस्ट लागला की बारीक आसाच्या, म्हणजे बारीक भोकांच्या जाळ्यात तीच पिल्लं. एलईडी दिव्यांच्या उजेडात मासळी ओढून करायच्या मासेमारीला केंद्राची २०१७ पासून बंदी आहे, तरी रात्री समुद्रात लग्नाचा मांडव घातल्यासारखा उजेड असतो म्हणतात.

पण सगळं बोटवाल्यांवर ढकलून मोकळं होणं मला पटत नाही. अरबी समुद्र तापतोय, वादळं वाढलीत. २०१९ ला क्यार गेलं नाही तोवर महा आलं, २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते. बोट अर्ध्यातून परत फिरली की डिझेल, बर्फ, खलाशांचा पगार सगळं अंगावर, मग पुढच्या फेरीला जाळ्यात येईल ते घ्यायचं, त्याला पिल्लू काय नि बाप काय. आणि ते विकलं जातं कारण दोनशेत पापलेट खाल्ल्याचं समाधान माझ्यासारख्यांना हवं असतं. तळल्यावर खरं सांगू, हाताला नुसते काटे लागले.

मावशींना बोललो तर म्हणाल्या, "मी नाय घेतली तर बाजूची घेते, बंदरावर आली ती आली." यावर काय बोलणार.

काल परत गेलो, पट्टी खिशात घालून. मोठ्या पापलेटचा भाव ऐकून गुपचूप बांगड्यांकडे वळलो, त्यांची लिमिट १४०, एक उचलून पट्टी लावली. मावशी बाजूचीला म्हणतात कशा, "बघ गं, माशाला झबलं शिवतोय."