पंक्चर नाहीये, हब लॉक करतोय

मुंबईत रस्त्याच्या कडेला कुणी गाडीच्या पुढच्या चाकापाशी उकिडवा बसलेला दिसला की जाणारा-येणारा एकच प्रश्न विचारतो, "पंक्चर का?" गेली सहा वर्षं मी या प्रश्नाला उत्तर देतोय. सुरुवातीला अगदी सविस्तर द्यायचो, म्हणजे नाही हो, ही फोर बाय फोर आहे, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळते, हिच्या पुढच्या चाकांना हब असतात, ते खाली उतरून हाताने लॉक करायचे, मग आत बसून दुसरा लिव्हर टाकायचा... एवढ्यात समोरच्याला रिक्षा मिळायची. एका आजोबांनी तर माझं काहीही न ऐकता मला हाताला धरून चौकातल्या पंक्चरवाल्यापर्यंत नेलं होतं, आणि मी गेलो, कारण आजकाल इतक्या मायेने कोण कुणाला कुठे नेतं.

गाडी म्हणजे जिप्सी. १९८५ साली आपल्याकडे आली, आधी ९७० सीसीचं इंजिन, पुढे तेराशेचं, पोलीस, मिलिटरी आणि ताडोबाची लाडकी. माझी तेराशेवाली आहे आणि मी तिचा चौथा मालक. मुलुंड पूर्वेला राहणाऱ्या, बँकेत बसून कर्जाच्या फायली बघणाऱ्या माणसाला जंगलातली गाडी कशाला लागते हा प्रश्न घरात विचारून झालाय, सासरी विचारून झालाय, सोसायटीच्या मीटिंगमध्ये तर मिनिट्समध्ये लिहून झालाय.

उत्तर आहे २६ जुलै २००५. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मी साकीनाक्याहून मुलुंडपर्यंत चालत आलो, कुठे घोट्याएवढ्या पाण्यातून कुठे कमरेएवढ्या, आणि पवईच्या आसपास कुठेतरी शपथ घेतली की एक दिवस अशी गाडी घेईन जी कुठेच अडकणार नाही. शपथ पाळायला बरीच वर्षं लागली कारण मधे घराचे हप्ते होते. गाडी दारात आली, नारळ फुटला, आणि बायकोने शांतपणे विचारलं, "कमरेएवढ्या पाण्यात ही चालते?" नाही चालत. फोर बाय फोरने चाकांना पकड मिळते, गाडीची होडी होत नाही, इंजिनाने हवेबरोबर पाणी ओढलं की चार काय चाळीस चाकांना ताकद द्या, गाडी दर पावसात तुंबणाऱ्या हिंदमाताला उभीच. हे मला गाडी घ्यायच्या आधी कुणी सांगितलं नाही. म्हणजे बायकोने सांगितलं होतं, पण ते ऐकलं नव्हतं.

आता हब म्हणजे काय ते एकदाच सांगतो. चाकाच्या मधोमध एक गोल डायल असतो, मुठीत मावेल एवढा. तो 'फ्री'वर असला की चाक आपलं आपलं फिरतं आणि त्याला ताकद पोचवणारा आतला दांडा निवांत झोपलेला असतो. 'लॉक' केला की दोघांची लग्नात उपरण्याला शालूची मारतात तशी गाठ पडते, दांडा फिरला की चाक फिरणार, चाक फिरलं की दांडा. डांबरी रस्त्यावर पुढच्या दांड्यांना, डिफरेन्शियलला (डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणारे गिअर), प्रोपेलर शाफ्टला (तिथवर ताकद आणणारा लांब दांडा) फुकट फिरवायचं कशाला, झीज होते, आवाज होतो, थोडं पेट्रोलही जातं, म्हणून ही सोय. अमेरिकेत १९४८ साली आर्थर वॉर्न नावाच्या माणसाने हे हब बनवून विकायला सुरुवात केली, दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने काढून टाकलेल्या जीप लोकांना रोजच्या रस्त्यावर चालवता याव्यात म्हणून. भला माणूस असणार. पण त्याच्याकडे अमेरिकेतली मोकळी जागा होती, माझ्याकडे बी विंगच्या भिंतीला चिकटलेलं पार्किंग आहे.

आणि खरा घोळ तिथेच आहे. हब लॉक करायचे ते चिखलात शिरायच्या आधी, कोरड्या जमिनीवर, चांगल्या कपड्यांत. पण कोरड्या जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला कधीच वाटत नाही की आपण अडकणार आहोत, त्यामुळे जगातला प्रत्येक हब अडकल्यानंतरच लॉक होतो असं माझं मत झालंय. कुर्ल्याला सीएसटी रोडवर माझा मेकॅनिक आहे, तो दर जूनला सांगतो, "साब, बारिश भर लॉकही रखो, टू व्हीलमें चलाओ, कुछ नहीं होता." बरोबर आहे त्याचं. हब लॉक असून आतला लिव्हर टूमध्ये, म्हणजे ताकद फक्त मागच्या चाकांना, असा असला तर काही बिघडत नाही, उलट अधूनमधून लॉक करून चार-पाच किलोमीटर फिरवलं की आतलं ऑइल सगळीकडे पोचतं. पण मुंबईत पेट्रोलने शंभरी ओलांडल्यापासून माझ्यातला बँकवाला जागा होतो, आणि वर्षाकाठी जे काही शे-दोनशे वाचत असतील ते वाचवायला मी हब फ्री ठेवतो.

तर तो श्रावणातला रविवार. सोसायटीची सत्यनारायणाची पूजा, ऐंशी पानं, जेवण केटररला सांगितलेलं. पुढच्या गेटात मांडव, त्यामुळे केटररच्या टेम्पोला मागच्या गेटाने या असं सांगितलं, आणि मागे म्हणजे शेजारची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेलीय, तिच्या डंपरनी आमचं मागचं आवार असं काही नांगरून ठेवलंय की नुसतं भात लावायचं बाकी आहे. टेम्पो गेटातून आत आला, वीसेक फूट, आणि बसला. आत मसालेभात, पुऱ्या, बटाट्याची भाजी, अळूचं फदफदं, जिलबी, मठ्ठा. इकडे गुरुजींचा चौथा अध्याय सुरू.

सेक्रेटरींनी माझ्याकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं. सहा वर्षं ज्या गाडीला हे लोक 'तो डबा' म्हणत आले त्या डब्याची आठवण एकाच वेळी साठ जणांना झाली, आणि मी, अंगात पांढरा झब्बा, काही न बोलता खिशातली चावी काढली. तो क्षण फार छान होता. त्या दिवसातला तेवढाच.

धावत पार्किंगमध्ये गेलो, उजवा हब लॉक केला. डायलवरची अक्षरं केव्हाच झिजलीयत, म्हणून मी बायकोच्या नेलपॉलिशने लाल ठिपका देऊन ठेवलाय, ठिपका वर म्हणजे लॉक. डावं चाक भिंतीकडे, मधे नऊ इंच जागा, तिथे मांजर जातं, मी जात नाही. म्हणलं गाडी बाहेर काढू आणि मग डावा लॉक करू. गाडी बाहेर काढली तर पोरांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजल्यावर उतरून चाकापाशी उकिडवं बसायला कुणाला आठवतं हो?

टेम्पोला वळसा घालून पुढे गेलो, दोर बांधला, तो दुसरा लिव्हर फोर लोमध्ये टाकला, म्हणजे चारही चाकं, वेग कमी आणि जोर जास्त, हळूच क्लच सोडला. इंजिन जोरात ओरडलं आणि मागची दोन्ही चाकं जागच्या जागी गरगर फिरायला लागली. मी ॲक्सिलेटर वाढवला, जे कधी करू नये. मागे 'श्री सत्यनारायण महापूजा, सर्वांनी दर्शनाचा लाभ घ्यावा' असा फ्लेक्स होता, त्याच्यावर 'सर्वांनी'पासून पुढे सगळा चिखल. सेक्रेटरींवर किती उडाला ते मी बघितलंच नाही, नंतर ते समोरून आले तेव्हा आवाजावरून ओळखले.

"काका," तिसरीतला एक मुलगा म्हणाला, "पुढचं चाक तर फिरतच नाहीये."

मी खाली वाकून बघितलं आणि पोटात गोळा आला. डावा हब.

हे जरा समजून घ्या, कारण बायकोला मी हे तीनदा समजावलंय आणि तिला पहिल्यांदाच कळलं होतं. डिफरेन्शियलची खोड अशी की ज्या बाजूला अडवणूक कमी, त्या बाजूला तो सगळं फिरणं ढकलतो. माझा डावा हब फ्री, म्हणजे त्या बाजूचा दांडा मोकळा, त्याला ना चाक ओढायचं ना गाडी, तो आत एकटाच भिंगरीसारखा फिरत होता, आणि उजवं चाक, लॉक केलेलं, जमिनीवर टेकलेलं, मदत करायला तयार, ते ढिम्म. म्हणजे दोन हबपैकी एक लॉक केला तर निम्मी मदत मिळते असं नाही, शून्य मिळते. सोसायटीची कमिटी अशीच चालते असं मी म्हणणार होतो, पण सेक्रेटरी तेव्हा शेजारीच चेहरा पुसत होते.

तोवर मागची चाकं ॲक्सलपर्यंत खाली गेलेली आणि डावं पुढचं चाक बरोबर खड्ड्यात, हब गढूळ पाण्याखाली. सल्ले सुरू झाले. रिव्हर्स मारा. विटा टाका. गोणपाट टाका. एसटीतून रिटायर झालेले तळमजल्याचे काका म्हणाले चाकातली हवा कमी कर, आणि अख्ख्या गर्दीत तेवढंच बरोबर होतं, म्हणून ते कुणी ऐकलं नाही. मग सी विंगच्या काकू पुढे आल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "तुम्हाला टेम्पो काढायचाय का जेवण काढायचंय?"

दोन मिनिटं कुणी बोललं नाही.

मग बायकांनी साखळी केली. फळ्या टाकल्या चिखलात, आणि टोप, पराती, पुऱ्यांच्या टोपल्या हातोहात मांडवात. पंधरा मिनिटांत टेम्पो रिकामा. आणि रिकामा टेम्पो तीन पोरांच्या धक्क्याने, माझा दोर सोडून, स्वतःच्या चाकांवर स्वतः बाहेर गेला. ड्रायव्हरने जाताना मला हात केला. आरती झाली, पंगत बसली.

मी झब्ब्याची बाही वर करून कोपरापर्यंत हात चिखलात घातला. डायल सापडला पण लाल ठिपका कुठेय ते बोटांना कसं कळणार, तर अंदाजाने फिरवला, अर्ध्यात अडला. आतले दाते जुळले नाहीत की असं होतं, गाडी जरा पुढेमागे हलवावी लागते, आणि गाडी हलत असती तर मी इथे कशाला असतो. शेवटी चाकांतली हवा कमी केली (मनातल्या मनात काकांची माफी मागितली), आत बसून स्टिअरिंग थोडं डावी-उजवीकडे केलं, गाडी इंचभर डुलली असेल, परत खाली, परत हात, आणि बसला लॉक. फोर लो, पहिला गिअर, ॲक्सिलेटरला पाय न लावता क्लच सोडला आणि जिप्सी त्या खड्ड्यातून अशी बाहेर आली जशी म्हैस तळ्यातून येते, सावकाश, डौलात, कुणाचं काही देणं नसल्यासारखी. मी वळून बघितलं. कुणीच नव्हतं. वॉचमनसुद्धा पंगतीत. फक्त ते भिंतीजवळचं मांजर, तेही पुऱ्यांच्या वासाकडे निघालेलं.

पण संपलं नव्हतं. पार्किंगकडे काँक्रीटवर वळलो तशी गाडी आखडली, टायर कुरकुरायला लागले, स्टिअरिंग जड. वळताना पुढची चाकं आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, चिखलात ती घसरून हिशेब जुळवतात, कोरड्यावर घसरता येत नाही, मग सगळा पीळ आत गिअरांमध्ये भरतो. पीळ भरला की लिव्हर निघत नाही आणि हबही फिरत नाही. उपाय सोपा आहे, सरळ रेषेत दहा-बारा फूट मागे जायचं, पीळ सुटतो. मुंबईत, रविवारी, पूजेच्या दिवशी, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, दहा फूट मागे! माझ्यामागे तीन फुटांवर एक स्कूटर, तिच्यामागे सेक्रेटरींची गाडी, तिच्यामागे भिंत. सेक्रेटरींकडे चावी मागायची माझी हिंमत नव्हती.

मुलगी ताट घेऊन आली. मसालेभात होता, दोन पुऱ्या होत्या. "बाबा, जिलबी संपली," म्हणाली आणि झब्ब्याकडे बघत लांबूनच ताट बॉनेटवर ठेवून गेली.

तसाच कुरकुरत गाडी मागच्या गेटाने बाहेर गल्लीत आणली. रविवार दुपार, गल्ली जरा मोकळी. सरळ रेषेत मागे घेतली, दहा फूट, वीस फूट, आणि आतून खट् असा आवाज आला, इतका गोड आवाज मी घंटेचाही ऐकला नाही. लिव्हर लोण्यासारखा टूमध्ये आला. उतरलो, उजव्या चाकापाशी उकिडवा बसलो, चिखल पुसून लाल ठिपका शोधायला लागलो.

समोरच्या चहाच्या टपरीवर तो टेम्पोवाला कटिंग पीत उभा होता. ग्लास ठेवून लगबगीने आला, माझ्याकडे बघितलं, चाकांकडे बघितलं, हवा कमी केलेलीच होती.

"अरे साहब, पंक्चर?"

मी तोंड उघडेपर्यंत त्याने टेम्पोतून जॅक काढला होता.